आधी डोंगर, मग डॉक्टर

इंग्लंडमधल्या मेडनहेडमध्ये सकाळी आठच्या ठोक्याला गॅसवर चहा आणि डॉक्टरांच्या वेळेसाठी कानाला फोन. 'रांगेत तुमचा नंबर सतरावा.' चहा आटतो, नंबर हलत नाही. १ ऑक्टोबर २०२५पासून मात्र नियम झालाय: इंग्लंडभरच्या जीपींनी, म्हणजे फॅमिली डॉक्टरांनी, ऑनलाइन खिडकी सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहा उघडी ठेवायची. रांग काही मिटली नाही, नुसती दिसेनाशी झाली.

आपल्याकडे तर २०१९पासून 'ई-संजीवनी' आहे. गावच्या आरोग्य केंद्रात बसायचं, शहरातला डॉक्टर पडद्यावर येतो, औषधाची चिठ्ठीही येते. पुढारीही येतात, फीत कापतात, टॅबलेट हातात धरून फोटो काढतात, 'आरोग्य तुमच्या दारी' म्हणतात आणि रेंज असलेल्या गावी परततात.

मेळघाटातल्या काही गावांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. म्हणजे दम लागतो हे डॉक्टरांना सांगायला आधी दम लागेस्तोवर चढायचं! मारुतीरायाने संजीवनीसाठी अख्खा डोंगर उचलून रुग्णापाशी आणला होता. आमच्या नेत्यांनी त्यात सुधारणा केली: रुग्णालाच डोंगरावर धाडलं. वर पोचल्यावर तपासणीला सुरुवात होते. पहिला प्रश्न डॉक्टरांचाच: 'हॅलो, आवाज येतोय का?'