मुकादममामा

धर्मापुरीत कुणाचा पोरगा पुण्यात किती कमावतो, हे त्याच्या बापाच्या आधी मुकादममामांना कळतं. ऊसतोडीच्या टोळ्या नेणं त्यांनी कधीच सोडलं, पण माणसाचा भाव काढायची सवय सुटली नाही. पूर्वी दसऱ्याच्या आगेमागे ते कोयत्याची उचल ठरवत. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यांच्या हातावर आगाऊ रक्कम, आणि पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात तोड. आता दिवाळीला हिंजवडीहून पोरं गावी येतात आणि मामा त्यांना केदारेश्वराच्या देवळाजवळ गाठतात.

“काय करायलास सध्या?”

“अ‍ॅनॅलिटिक्स इंजिनिअर आहे, मामा.”

“म्हणजी सिव्हिल का मेकॅनिकल?”

पोरानं समजावलं. कंपनीचा कच्चा डेटा डेटा इंजिनिअर आणून टाकतो, अ‍ॅनालिस्ट त्यातून रिपोर्ट काढतो, आणि मधे तो डेटा निवडून, धुऊन, नीट टेबलं रचून देणारा आपण. मामा म्हणाले, “म्हणजी तोडणारा येगळा, गाळणारा येगळा, अन् तू मोळी बांधणारा.” एवढं तांत्रिक शिक्षण त्यांना पुरलं. पुढचा प्रश्न मुद्द्याचा होता. “उचल किती?”

पोरगा जॉइनिंग बोनस म्हणाला. वर्षाच्या आत नोकरी सोडली तर तो परत करावा लागतो, हे ऐकून मामांचा चेहरा उजळला. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडचे पैसे नवी कंपनी भरते आणि माणूस उचलून नेते, हे कळल्यावर तर त्यांना गहिवरून आलं. दुसऱ्या मुकादमाची बाकी फेडून त्यांनीही कोयते आणले होते. फरक एवढाच, की पोरं एसी बसनं जातात आणि कोयता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत लेकरांसकट.

मामांकडे कारखान्याची जुनी डायरी आहे. तिच्यात उसाच्या खेपांच्या मागच्या पानांवर आता ‘डीबीटी’, ‘पायथन’, ‘स्नोफ्लेक’, ‘बिगक्वेरी’ अशी डेटाच्या साधनांची नावं आहेत आणि समोर कुणाला किती लाख मिळाले ते. सगळ्यात वर एसक्यूएल, डेटाला प्रश्न विचारायची भाषा. ते 1974 साली आयबीएमच्या दोघांनी काढलं, हे कळल्यापासून मामा त्याचा उल्लेख आदरानं करतात. “माझं लगीन झालं त्या साली निघालंय. अजून पैशे देतंय!” उलट अ‍ॅनॅलिटिक्स इंजिनिअर हे पद रूढ झालं 2019 च्या आसपास, आणि जाहिरातीत अनुभव मागतात दहा वर्षांचा. “पाळण्यातल्या पोराला मिशा मागायलेत,” मामांचा शेरा.

सीटीसीवर मात्र त्यांचा काडीचा विश्वास नाही. कुणी वीस लाख म्हणालं की ते पेन काढतात. कंपनीचा पीएफचा वाटा वजा, ग्रॅच्युइटी वजा, मिळालाच तर मिळणारा व्हेरिएबल पे वजा. “काट्यावरचं वजन येगळं, बिलातलं येगळं.” एका पोराला पावणेतेरा लाख मिळत होते, तो साडेतेरासाठी कंपनी बदलायला निघाला. 2025-26 च्या नव्या करप्रणालीत नोकरदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर शून्य. साडेतेरा झाले की सेससह 74,100 रुपये कर. मामांनी हिशेब मांडून दाखवला: वाढ पंचाहत्तर हजारांची, हातात नऊशे. पोरगा राहिला तिथंच.

इतकं सगळं ठाऊक असून, पैसे नेमके कशाचे मिळतात हे मामांच्या डायरीत कुठंच नव्हतं. ते परवा निघालं. तो अ‍ॅनॅलिटिक्सवाला पोरगा सांगत होता, कंपनीत चालू ग्राहक किती या प्रश्नाला विक्रीवाले एक आकडा देतात, हिशेबवाले दुसरा, मार्केटिंगवाले तिसरा. त्यातच महिना गेला. मामा फिस्सकन हसले. “आमच्या टोळीत किती जण, हे कारखाना एक सांगायचा, टोळी दुसरं. म्या आधी इचारायचो, कोयते मोजायचे का माणसं? अर्धा कोयता कुठं धरायचा?” एकट्या आलेल्या गड्याला अर्धा कोयता म्हणतात. पोरानं वही काढून ते लिहून घेतलं.

“पण आता क्वेरी एआयच लिहायलंय, मामा.”

“हार्वेस्टर बी आलं की. ऊस तोडतंय झकास. पण कुणाचं रान आधी तोडायचं, हे त्याला इचारून बघ.”

बाजाराचं मर्म यात आलं. साधनांची नावं दर दोन वर्षांनी बदलतील. टिकून भाव मिळेल तो, काय मोजायचं हे ठरवून तिघांच्या गळी उतरवणाऱ्याला. म्हणून धर्मापुरीच्या पोरांनो, एसक्यूएल पक्कं करा, प्रश्न नीट विचारायला शिका, आणि ऑफर लेटरवर सही करण्याआधी मामांना एकदा दाखवा. ते हल्ली कमिशन घेत नाहीत, चहावर भागतं.