कुळकाका आणि थुंकीची नळी

प्रत्येक मोठ्या घराण्यात एक कुळकाका असतो. तो नात्याने काकाच असेल असं नाही. कुठे मामा, कुठे आत्याचे यजमान, तर कुठे एखादी निवृत्त मुख्याध्यापिका आत्याही या पदावर असते. पद निवडणुकीशिवाय मिळतं आणि मरेपर्यंत सुटत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये पंगत बसत असताना जो तुमच्या खांद्यावर हात ठेवून ‘तुझी पणजी म्हणजे माझ्या आजोबांच्या मावसबहिणीची जाऊ’ असं सांगतो आणि जिलबीला हात लावायच्या आत ते तुमच्याकडून म्हणवूनही घेतो, तो कुळकाका.

बँकेतून किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालं की साधारण वर्षभरात हे सुरू होतं. आधी वंशावळीचा कागद, मग त्याला जोडलेले कागद, मग भिंतभर फ्लेक्स. पुढचा टप्पा त्र्यंबकेश्वर. तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या पणजोबांची मोडीतली सही पाहून कुळकाकाच्या डोळ्यांत पाणी येतं. ते अगदी खरं असतं आणि तेवढा वेळ आपणही चेष्टा थांबवावी. त्यानंतर मात्र कुलवृत्तांत छापायला निघतो. पहिली पंधरा पानं देणगीदारांचे फोटो आणि सोळाव्या पानावर मूळपुरुष. हा मूळपुरुष नेहमी चितोडहून आलेला आणि एखाद्या पेशव्याच्या नजरेत भरलेला सरदार असतो. पेशव्यांच्या पंक्तीला इतके मानकरी बसत असतील तर वाढपी कोण होते, हा प्रश्न कुठल्याच कुलवृत्तांतात विचारलेला नाही.

इथवर सगळं निरुपद्रवी होतं. मग मुलगा अमेरिकेत गेला आणि त्याने पंचाहत्तरीला वडिलांना तिकडे बोलावून डीएनए चाचणीची पेटी भेट दिली.

पेटीत प्लास्टिकची एक नळी असते. तिच्यावरच्या रेघेपर्यंत थुंकी भरायची, फेस धरायचा नाही. त्याआधी अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही. चहा नाही, सुपारी नाही, कालनिर्णयमागे ठेवलेली बडीशेपही नाही. त्या अर्ध्या तासात कुळकाकाने घराण्याचा इतिहास पहिल्यापासून सांगितला. परिणामी तोंड कोरडं पडलं आणि नळी भरायला पाऊण तास लागला. सुनेने दाराआडून विचारलं, ‘बाबा, लिंबू दाखवू का?’

निकालाला सहा-आठ आठवडे लागतात. त्या काळात कुळकाका अभ्यास करतो. कोकणातल्या बेने इस्रायलांची हकिगत त्याला तोंडपाठ असते. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले, असं ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशधागे सापडले. हे वाचल्यापासून कुळकाकाचा युक्तिवाद ठरला आहे, ‘त्यांचं जहाज निघालं, मग आमचं चितोड का निघू नये?’

चितोड निघालं नाही. निकालात ‘दक्षिण भारत’ असा भला मोठा आकडा आला, शेजारी ‘उत्तर भारत’ थोडा आणि उरलेला भुसा. काही महिन्यांनी कंपनीने तुलनेचे नमुने वाढवले, तेव्हा थुंकी तीच असून आकडे बदलले. कुळकाकाने दोन्ही नकाशे छापून ठेवले आणि त्यातल्या त्यात उत्तरेकडे सरकलेला फ्रेम केला.

गणित तर याहून निष्ठुर असतं. आईवडील दोन, आजी-आजोबा चार, असं मोजत सातव्या पिढीला एकशे अठ्ठावीस पूर्वज होतात. म्हणजे सातव्या पिढीतल्या सरदाराचा आपल्यातला वाटा सरासरी एक टक्काही भरत नाही. गावच्या सामायिक आंब्यातसुद्धा कुळकाकाचा याहून जास्त हिस्सा आहे. शिवाय उरलेले एकशे सत्तावीस कोण? त्यांतल्या चौसष्ट बायका, आणि वंशावळीत त्यांच्यापैकी जेमतेम सहा-सातजणींची नावं, तीही सासरची. ज्यांच्याकडून निम्मा माल आला त्यांचा पत्ताच कोणी लिहून ठेवलेला नाही. कुळकाकाला हे दाखवलं की तो म्हणतो, ‘पुढच्या आवृत्तीत बघू.’

मग तो वाय गुणसूत्राकडे वळतो. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं उतरतं, म्हणजे सरदाराचं थेट आपल्यापर्यंत. आता मात्र घराणं सिद्ध! पण इथे दत्तक आडवा येतो. महाराष्ट्रातलं कुठलं वाडावालं घर दत्तकाशिवाय चाललं? दत्तक बहुधा भाऊबंदांतून घेत, पण नेहमी नाही. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे शाहू छत्रपती झाले. गुणसूत्राला विचाराल तर ते घाटगेच म्हणेल आणि त्याने महाराष्ट्राचं काडीचंही बिघडलेलं नाही. कुळकाकाच्या स्वतःच्या वंशावळीत तीन ठिकाणी ‘द.’ लिहिलेलं आहे. गेली कित्येक वर्षं तो ते ‘दत्तात्रय’ असं वाचतो.

खरी पंचाईत निकालाच्या दुसऱ्या पानावर असते. तिथे जिवंत नातेवाइकांची यादी येते. कुळकाकाला हवे असतात पूर्वज. ते बोलत नाहीत, उसने मागत नाहीत आणि त्यांच्याबद्दल काहीही सांगता येतं. कंपनी देते नातेवाईक. त्यातही आपल्याकडे शतकानुशतकं जातीतल्या जातीत लग्नं, वर काही समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत. त्यामुळे एकच डीएनए चार वाटांनी फिरून घरी येतो आणि लांबचा माणूस यादीत जवळचा दिसतो. डॅलसच्या एका अनोळखी तरुणाला यंत्राने कुळकाकाच्या इतकं जवळ आणून बसवलं की त्याने पहिल्याच निरोपात लिहिलं, ‘काका, नमस्कार. आपल्या चिरंजीवांच्या कंपनीत काही जागा आहे का?’

आणि यादीत सगळ्यात वर होती एक मुलगी. जुळणी सुमारे पंचवीस टक्के. यंत्र एवढंच सांगतं की हे जवळचं नातं आहे. पंचवीस टक्क्यांत पुतणी बसते, सावत्र बहीण बसते, नातही बसते. मुलगा एक आणि त्याचं लग्न होऊन वर्षही झालेलं नाही, त्यामुळे नात बाद. काकूंनी चष्मा लावून यादी वाचली आणि शांतपणे विचारलं, ‘मामंजी बेळगावला बदलीवर एकटेच होते ना?’

इथे सांगायला हवं की कुळकाकाला सख्खा धाकटा भाऊ आहे. डोंबिवलीला राहतो. गावच्या घराच्या पडवीवरून दोघांचा दावा चालू आहे आणि बोलणं बंद आहे. मूळपुरुषाचं गोत्र, प्रवर, कुलदैवत, घोड्याचा रंगसुद्धा ज्याला ठाऊक, त्याला आपल्या भावाची मुलगी टेक्सासला नोकरी करते हे माहीत नव्हतं. आता पर्याय दोनच उरले. एक तर वडिलांच्या बेळगावच्या बदलीचा नव्याने अभ्यास करायचा, नाहीतर पुतणी मान्य करायची. कुळकाका बराच वेळ गप्प बसला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, ‘त्याची असेल.’ इतक्या वर्षांत भावाविषयी घरात उच्चारलेलं ते पहिलं वाक्य. कंपनीने जाहिरातीत वचन दिल्याप्रमाणे कुटुंब खरोखरच जोडलं गेलं, असं आपण म्हणू. दावा चालू आहे.

याने हबकेल तो कुळकाका नव्हे. अमेरिकेतून परतताना त्याच्या बॅगेत आणखी सहा नळ्या आल्या आहेत. आता त्याला सगळ्या शाखांची थुंकी हवी आहे. जमली की मुलाकडे जाणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवायची, असा बेत आहे. तुमच्या एका नळीतून तुमच्या भावंडांचं, मुलांचं, चुलत्यांचंही गुपित बाहेर जातं, हे त्याच्या गावी नाही. २०२३ साली ट्वेंटी-थ्री अँड मी या मोठ्या कंपनीतून सुमारे एकोणसत्तर लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. मार्च २०२५ मध्ये तीच कंपनी दिवाळखोरी जाहीर करून न्यायालयात गेली आणि ग्राहकांनी हौसेने पाठवलेल्या माहितीचं पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. कुळकाकाला हे सांगितलं तर तो म्हणतो, ‘आपल्या घराण्यात लपवण्यासारखं काय आहे?’ आणि काकूंकडे बघायचं टाळतो.

तेव्हा तो तुमच्याकडे येईलच. फोन न करता, दुपारी चारच्या सुमारास, पिशवीत नळी घेऊन. दार उघडायच्या आधी तुम्ही स्वतः एक कप चहा घ्या. चहानंतर अर्धा तास थुंकी चालत नाही, हे त्यालाच पाठ आहे. अर्धा तास भरत आला की दुसरा कप ठेवा.