बंद का पडलं, ते बघू

महाडच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे दोन प्रकारचे. पहिला आल्याआल्या "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो, मारतो, पैसे घेतो आणि जातो. दुसरा म्हणजे भाऊ. भाऊ खुर्ची ओढून म्हणतात, "चालू काय हो, होईलच. पण बंद का पडलं, ते बघू." हे ऐकलं की घरच्यांनी एक पान जास्त वाढायच्या तयारीला लागावं.

काळ २००२च्या आसपासचा. टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट, संचारनेटचं कार्ड, मोडेम नावापुरता ५६ केबीपीएसचा. पाऊस लागला की लाइनीवर नुसती खरखर. पोलादपूरचे एक शेठ दुबईच्या मुलाची ईमेल बघत असत. बिचारे सुखात होते. पण "विंडोजला व्हायरस धरतो" म्हणत भाऊंनी पीसीक्वेस्ट मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी त्यांच्या मशीनमध्ये घातली. तेव्हापासून डब्ल्यूव्हीडायल हा फोन लावणारा प्रोग्रॅम फोन लावायच्या आधीच एक ओळ फेकून गप्प बसू लागला : शेअर्ड लायब्ररी सापडत नाही.

"म्हणजे काय?" शेठ.

"गावकीची भांडी असतात ना? प्रत्येक लग्नाला तीच. तसे सगळे प्रोग्रॅम मिळून काही फायली वापरतात. आज नेमका टोप जाग्यावर नाही."

"मग आमच्या घरचा घ्या की!"

भाऊ उडालेच. "शेठ, यालाच स्टॅटिक लिंकिंग म्हणतात!" शेठना वाटलं, काम झालं.

पण हरवलेली फाईल इंटरनेटवर, आणि इंटरनेट त्याच फाईलीवाचून अडलेलं. भाऊ एसटीने महाडला गेले, शर्टाच्या खिशात फ्लॉपी घालून परतले. दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरली होती. पुन्हा महाड. मग सोर्सवरून फाईल तयार करण्यात दुपार गेली, आणि एलडीडी या लायब्ररी तपासणाऱ्या प्रोग्रॅमला विचारल्यावर उत्तर तेच : नॉट फाउंड. फाईल यूएसआर-लोकल-लिब या फोल्डरमध्ये पडलेली, आणि लायब्ररी शोधणारा लिंकर तिकडे फिरकतच नव्हता. भाऊंनी लिंकरच्या पत्त्यांच्या यादीत, म्हणजे एलडी डॉट एसओ डॉट कॉन्फमध्ये, तो पत्ता लिहिला, यादी नव्याने वाचायला एलडीकॉन्फिग चालवलं, आणि मोडेम किंचाळला.

शेठनी चष्मा लावला. मेल उतरू लागली, एवढ्यात भाऊंनी फोन तोडला, पत्त्याची ओळ खोडली, एलडीकॉन्फिग पुन्हा चालवलं. पडद्यावर जुनीच ओळ हजर.

"बघा! आली की नाही? तेच कारण होतं!"

दुबईची खुशाली रात्री जेवणानंतर कळली. मजुरी विचारल्यावर भाऊ "अहो, कसली मजुरी" म्हणाले आणि चपला शोधू लागले.

आता ना मोडेम, ना फ्लॉपी. भाऊ मात्र आहेत. कधी बोलावलंत, तर बिघाड काय ते फोनवर सांगू नका. सकाळी या म्हणावं. नाहीतर रात्रीच्या शेवटच्या एसटीने येतील.