दोन थाऊची बंदूक

चाळीस यार्डांवर तीस इंच व्यासाचं वर्तुळ आखायचं, त्यावर बार टाकायचा आणि आत पडलेले छर्रे मोजायचे. शंभरातले सत्तर आत सापडले तर नळी उत्तम. छऱ्याच्या बंदुकीची ही जगभर मानलेली परीक्षा. ती ज्या दिवशी आमच्या मामांना कळली, त्या दिवसापासून घरच्या दुनळी बंदुकीवरची त्यांची मर्जी उडाली. मामांनी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात टर्नर म्हणून हयात काढलेली. जॉब दोन थाऊनं, म्हणजे इंचाच्या हजार भागांतल्या दोन भागांनी, मोठा निघाला तरी ते ताटावरून उठून लेथकडे जायचे. "आणि इथं तीस इंच चालतात?" ते म्हणाले. "वर तीस टक्के माल बाहेर सांडला तरी पास?"

बंदूक मामांच्या वडिलांची. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं, ती त्याच सुमाराची. धरणावरच्या कुणा गोऱ्या साहेबानं मायदेशी जाताना प्रेमानं दिली, अशी कथा धरणाशेजारच्या शेंडी गावातल्या घरात दोन पिढ्या चालली. मग जुन्या ट्रंकेत दुकानाची पावती सापडली, तेव्हापासून ती कथा फक्त पाहुण्यांना सांगतात. परवान्यावर तिची नोंद 'डीबीबीएल, बारा बोर', म्हणजे मागून भरायची बारा बोरची दुनळी, अशी आहे. एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक गोळा जिच्यात नेमका बसतो, ती नळी बारा बोरची. हे माप मामांना आवडायचं. पण आत बसणारी वस्तू इतकी नेमकी आणि बाहेर पडणारी इतकी बेशिस्त, हे त्यांना सोसेना.

"हिची रायफल करायची," त्यांनी जाहीर केलं. "छंद म्हणून."

मामी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अहो, पण मारणार कशाला?"

प्रश्न रास्त होता. भंडारदऱ्याच्या अवतीभवती कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ पासून. त्याआधीच १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकारीला लगाम घातलेला. इथं रानडुक्कर भात खाऊन जातं ते सरकारी संरक्षणात, आणि आपण नुकसानीचा अर्ज लिहितो तो स्वतःच्या खर्चात. राहिला निशाणा लावायचा कागद. तर जून ते सप्टेंबर इथं अंगणातून गोठा दिसत नाही. घाटघरकडून ढग आत शिरतात ते थेट माजघरापर्यंत. तीनशे मीटरवरचं टिपणारी रायफल घेऊन तीन मीटरवरची म्हैस चाचपत बसायचं. पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर काजवे बघायला पुण्या-मुंबईची गर्दी लोटते. नळी कुठल्याही दिशेला धरा, समोर कुणीतरी सेल्फी काढत उभं असतंच.

"मारायचं नाहीच आहे," मामा म्हणाले. "नेमकं असायला पाहिजे, एवढंच."

माझं मत विचाराल तर निवृत्त माणसानं नेमकेपणाच्या नादी लागू नये. दारू परवडली, तिची किंमत बाटलीवर छापलेली असते.

पुढचे काही महिने मामांनी बंदुकीला बोट लावलं नाही, फक्त वाचन केलं. त्यातून जे निघालं ते त्यांच्या जिद्दीला पोषक नव्हतं. रायफलच्या नळीला आतून पीळदार खाचा असतात. त्या गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. छऱ्याच्या नळीचं अंग मुळातच पातळ. रायफलचं काडतूस फुटतं तेव्हा आतला दाब तिच्या चार-पाच पट असतो. तेव्हा नुसत्या खाचा पाडल्यानं रायफल होत नाही. गोळीऐवजी नळीच चौफेर जाते, आणि जवळात जवळचं लक्ष्य म्हणजे चालवणाऱ्याचं तोंड. शिवाय दुनळीच्या दोन्ही नळ्या समांतर नसतात, पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या असतात. दुनळी रायफल बनवणारे विलायती कारागीर त्या जुळवताना गोळ्या झाडून बघत, डाग सोडवत, नळी केसभर सरकवत, पुन्हा डाग देत, पुन्हा झाडत. हे वाचताना मामांच्या चेहऱ्यावर जो भाव आला तो मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आणि मग त्यांना फॉसबेरी सापडला. जॉर्ज फॉसबेरी हा हिंदुस्थानात नोकरी केलेला इंग्रज फौजी अधिकारी, १८६३ च्या वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. त्यानं १८८५ मध्ये अशा दुनळीचं पेटंट घेतलं की जिची नळी जवळजवळ शेवटपर्यंत गुळगुळीत, आणि तोंडापाशी फक्त थोड्या अंतरात खाचा. छर्रे घाला, बंदूक. एकच जड गोळी घाला, जवळपास रायफल. हॉलंड अँड हॉलंड कंपनीनं ती 'पॅराडॉक्स' नावानं विकली आणि हिंदुस्थानातल्या साहेबलोकांत ती फार चालली. "बघ," मामा मला म्हणाले, "माणूस लष्करातला, पण डोकं टर्नरचं!" ती बंदूक मुळातच तशी घडवलेली असते, जुन्या नळीला मागाहून केलेली कलाकुसर नव्हे, हे मी दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्हीदा ऐकलं नाही.

शेवटी मी कायदा काढला. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं सहावं कलम. त्यात २०१९ साली दुरुस्ती झाली आणि परवान्याशिवाय एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणं स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरलं.

"का म्हणून?" मामा उसळले. "माझीच बंदूक, माझाच लेथ. सरकार अख्ख्या अहमदनगर जिल्ह्याचं अहिल्यानगर करतं, तेव्हा मी हरकत घेतली का?"

"त्याला अधिसूचना निघाली, मामा."

"शिक्षा काय आहे?"

"कमीत कमी सात वर्षं. जास्तीत जास्त जन्मठेप."

मामा बराच वेळ गप्प बसले. वय मोजत असावेत असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "सात वर्षं ते जन्मठेप? आरं, एवढा टॉलरन्स? हे तर तीस इंचांपेक्षा सैल झालं!"

तरी एकदा रीतसर सल्ला घ्यावा म्हणून आम्ही नाशिकला गेलो. जिल्ह्याचं ठिकाण आमचं नगर, पण भंडारदऱ्याच्या माणसाला नाशिक त्याच्या निम्म्या वाटेवर पडतं. परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाले म्हातारेबुवा मामांच्याच जातकुळीचे, चष्मा कपाळावर ठेवून डोळे बारीक करणारे. त्यांनी बंदूक मोडून नळीतून उजेडाकडे पाहिलं, मग दुसऱ्या नळीतून पाहिलं, मग मामांकडे पाहिलं.

"हिची रायफल होईल," ते म्हणाले. "फक्त नळी बदलावी लागेल, घोडे, चाप, कुंदा बदलावा लागेल, आणि परवाना. पट्टा चांगला आहे, तो तसाच ठेवू."

मामांनी पट्ट्याकडे पाहिलं. तो मामींनी शिवलेला होता.

"नाहीतर बॉलचं काडतूस घाला," बुवांनी उपाय सुचवला. "एकच गोळी जाते. चाळीस यार्डांवर चार-सहा इंच इकडेतिकडे."

"इंच!" मामा म्हणाले आणि उठले.

परतीच्या वाटेवर घोटीपर्यंत ते बोलले नाहीत. घोटी ओलांडल्यावर म्हणाले, "बंदुकीला हात लावायचा नाही म्हणतोस ना? नाही लावत. पण ती ठेवायच्या कपाटाला तर कायदा नाही आडवा येत?"

आडवा येत नाही. उलट शस्त्र कुलपात सुरक्षित ठेवावं, असंच कायद्याला वाटतं. मामांनी पोलादी कपाट बनवायला घेतलं. बिजागऱ्या स्वतः घडवल्या, कुलपाचे खटके लेथवर काढले, आणि दार चौकटीत असं बसवलं की भोवताली फट म्हणून दोन थाऊ. कागद आत जात नव्हता. गावातली माणसं बघून गेली. मामी एवढंच म्हणाल्या, की या घराच्या एका तरी खिडकीला असं दार असतं तर पावसात गाद्या कोरड्या राहिल्या असत्या.

मग पाऊस लागला. ओल, धुकं, पुन्हा ओल. गणपतीनंतर निवडणूक जाहीर झाली आणि नेहमीप्रमाणे परवान्यातली शस्त्रं ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली. मामांनी किल्ली फिरवली. किल्ली लोण्यासारखी फिरली, खटके सरकल्याचा सुरेख आवाज झाला, आणि दार जागचं हललं नाही. चौकट आणि दार गंजून एकजीव झाले होते. तेल झालं, रॉकेल झालं, पहारही आणली. मामा ती लावू देत ना. रंग उडेल म्हणाले.

तिसऱ्या दिवशी हवालदार स्वतः आले. त्यांनी कपाट हलवून पाहिलं, दार ओढून पाहिलं, फटीत नख घालून पाहिलं. नख जाईना. मग चहा घेतला आणि वहीत लिहिलं: 'शस्त्र सुस्थितीत असून मालकालाही मिळण्याजोगे नाही.'

मामांनी त्या ओळीची झेरॉक्स काढून आणली आहे.