‘मा.’ म्हणजे काय रे भाऊ?

नाल्यापलीकडच्या वस्तीच्या तोंडाशी विजेचा एक खांब आहे. त्यावर सध्या दोन फ्लेक्स लटकताहेत. वरच्यावर निवडून आलेले, खालच्यावर पडलेले. हात दोघांचेही जोडलेले, गॉगल दोघांनाही, आणि दोघांच्याही नावाखाली ठळक अक्षरात ‘मा. नगरसेवक’. वरचे माननीय, खालचे माजी. खोटं कुणीच बोललेलं नाही.

या ‘मा.’वर माझा फार दिवसांपासून डोळा आहे. आमच्याकडे सगळ्यांची मुदत २०२२ साली संपली आणि पुढची निवडणूक उजाडली थेट जानेवारी २०२६ मध्ये. पाच वर्षं भरायच्या आत निवडणूक उरकावी असं राज्यघटनेत लिहिलंय; तेही बहुधा बारीक टायपात असावं. तर मुदत संपली त्या आठवड्यात वस्तीतल्या जनसंपर्क कार्यालयासमोर एक पेंटर शिडीवर चढलेला मी या डोळ्यांनी पाहिला. पाटीवर होतं ‘माननीय नगरसेवक’. त्यानं पत्र्यानं ‘ननीय’ खरवडलं, ‘मा’पुढे एक टिंब दिलं आणि खाली उतरून तंबाखू मळली. पाटी वाचली, रंग वाचला, आणि पुढची चार वर्षं त्या टिंबावर निघाली. त्या टिंबानं उद्घाटनं केली, हळदी-कुंकू केलं, दहावीच्या पोरांना वह्या वाटल्या, एका वाढदिवसाला तर तलवारीनं केक कापला. व्याकरणात पूर्णविराम म्हणजे शेवट. आमच्या प्रभागात ती सुरुवात होती. आता म्हणे प्रभागात चार-चार नगरसेवक, अ, ब, क, ड. म्हणजे चार माननीय, त्यांच्या आधीचे माजी, त्यातल्या बाईंच्या फोटोशेजारी तिप्पट मोठ्या फोटोतले त्यांचे यजमान (त्यांना काय म्हणायचं ते अजून ठरलेलं नाही, तूर्त ‘मा.’च), शिवाय भावी. भावींनी ‘मा.’ का सोडावा? मागणीदार म्हणून लावता येईलच की.

चेष्टा पुरे. वस्तीत नगरसेवकाचं काम काय असतं, हे सोसायटीत राहणाऱ्यांना कळत नाही. आपल्याला तो पाच वर्षांतून एकदा लागतो. तिथे सकाळी सहाला लागतो. संडास तुंबला, टँकर आला नाही, नळाला गढूळ पाणी आलं, पोरगं चौकीत बसवून ठेवलं, मयतीला गाडी मिळेना. यातलं निम्मं त्याचं कामही नाही, पण दार त्याचंच वाजतं. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे सही आणि शिक्का.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी मागच्या वर्षी खोली बदलली. आधारवर पत्ता बदलल्याशिवाय पुढचं एकही पान हलत नाही. भाडेकरार नाही, कारण खोलीमालक कागद करत नाही. लाइटबिल नाही, कारण मीटर त्याच्याच नावावर. उरला तो प्रमाणपत्राचा फॉर्म. त्यावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही चालते, आमदार-खासदाराची चालते, नगरसेवकाची चालते. पहिल्या तिघांपैकी कुणी पत्र्याच्या खोलीत राहत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून मावशी कार्यालयात गेल्या, दोन तास बसल्या, सही-शिक्का घेऊन केंद्रावर पोहोचल्या. खिडकीतल्या पोरानं शिक्का उजेडात धरला. “मावशी, हे ‘मा.’ म्हणजे माननीय की माजी?”

मावशी म्हणाल्या, “भाऊच आहेत ते.”

फॉर्म परत. त्या पोराला मी दोष देणार नाही. नियम त्याच्या बाजूनं होता. पण चार वर्षं एका अख्ख्या वस्तीची सही बंद ठेवायची, वर प्रशासक बसवायचा, ज्याच्या केबिनपर्यंत मावशींची चप्पल कधी पोहोचणार नाही, आणि मग वस्तीनंच शिक्क्यातलं टिंब ओळखावं अशी अपेक्षा धरायची, याला काय म्हणायचं? ज्यानं तो शिक्का मारला त्याला तो चालणार नाही हे पक्कं ठाऊक होतं. तरी मारला. कारण ‘माझा शिक्का आता चालत नाही’ हे पाच शब्द तोंडातून काढले असते, तर दाराबाहेरची रांग तुटली असती. त्या रांगेसाठी मावशींचे तीन खाडे गेले. तीन घरांनी पगार कापला. त्यात आमचं घर नव्हतं, हे सांगताना मला वाटायला हवा तेवढा अभिमान वाटत नाही, कारण तिसऱ्या खाड्याला मीही कुरकुरलो होतो.

निवडणूक झाली, आता तरी काम होईल म्हणून मावशी नवा फॉर्म घेऊन नव्या माननीयांकडे गेल्या. ‘अ’कडून ‘क’कडे पाठवलं, कारण गल्ली ‘क’ बघतात. ‘क’ म्हणाले, सही देतो, पण शिक्का अजून बनून आलेला नाही. ‘क’ यांचा फ्लेक्स मात्र निकालाच्याच संध्याकाळी लागला होता. वीस फुटी. शिक्का दोन इंचांचा असतो.

फॉर्मवरची सही तीन महिनेच चालते, आणि मुळात ती व्हायची आहे. तेव्हा वाचकहो, तुमच्या सोसायटीत कुणी राजपत्रित अधिकारी राहत असतील तर कळवा. मावशींचा फॉर्म भरून तयार आहे, फोटोही चिकटवलाय. फक्त ते सेवेत आहेत की निवृत्त, तेवढं आधी विचारून घ्या. दारावरच्या पाटीवर जाऊ नका.