दोन दारांचा पारखी

नांदेड आणि लातूर या शहरांपुरते बोलायचे तर जुनी मोटार घेणाऱ्यांचे दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गाला गाडी हवी असते, म्हणून तो गाडी घेतो आणि विषय संपतो. या वर्गाविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. दुसऱ्या वर्गाला गाडी पारखायची असते, आणि गाडी घेणे ही त्या पारखण्याच्या वाटेत शेवटी येणारी अडचण आहे, असे तो मानतो. या दुसऱ्या वर्गातील माणसाला येथे पारखी म्हटले आहे. तो बहुधा पंचेचाळिशी ओलांडलेला, अनुदानित महाविद्यालयात, जिल्हा परिषदेत किंवा पाटबंधारे खात्यात स्थिरावलेला आणि घराचे हप्ते संपत आलेला गृहस्थ असतो. लातुरात तो औसा रोडच्या बाजूला राहतो, नांदेडात तरोडा नाक्याकडे किंवा भाग्यनगरात, आणि दोन्हीकडे त्याच्या दारात चार दारांची पांढरी गाडी उभी असते, जिच्याविषयी त्याची काहीही तक्रार नसते. तथापि या वयात त्याला असे वाटू लागते की आजवर आपण सोयऱ्याधायऱ्यांसाठी गाडी चालवली, आता एक गाडी स्वतःच्या पाठीच्या कण्यासाठी घ्यावी. ती दोन दारांची असावी, जमल्यास उघड्या टपाची असावी, परंतु कोणत्याही परिस्थितीत जुनी असावी, कारण नवी गाडी शोरूममध्ये जाऊन कोणीही घेऊ शकतो.

येथे दोन संज्ञा स्पष्ट केल्या पाहिजेत. कूपे म्हणजे मागे उतरत जाणाऱ्या टपाची, दोन दारांची, पुढे बसणाऱ्यांचे लाड करणारी आणि मागे बसणाऱ्यांना गुडघे पोटाशी घ्यायला लावणारी मोटार. कन्व्हर्टिबल म्हणजे जिचे टप दुमडून मागे ठेवता येते ती. अलीकडे टाटा कर्व्हसारख्या चार दारांच्या उंच गाड्याही केवळ टप मागे उतरते एवढ्या आधारावर कूपे म्हणून विकल्या जातात; पारख्याला हा प्रकार मान्य नसतो, त्याच्या पत्नीला मात्र तो लगेच पटतो. भारतीय बाजाराने या दोन्ही प्रकारांशी कधी घरोबा केला नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीची हेरल्ड १९६० च्या दशकात दोन दारांची म्हणून आली आणि काही वर्षांतच कंपनीला तिला चार दारे बसवावी लागली. पुढे सॅन मोटर्सने सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, रेनॉच्या इंजिनाची, दोनच माणसांची उघडी मोटार काढली, जिचे नाव प्रत्येक पारख्याला ठाऊक असते आणि जी प्रत्यक्ष पाहिलेला पारखी सहसा भेटत नाही. उरतात त्या पुण्या-मुंबईत किंवा हैदराबादेत कोणी हौसेने घेतलेल्या आणि हौस फिटल्यावर विकायला काढलेल्या परदेशी कंपन्यांच्या गाड्या, आणि पारख्याचे अर्थशास्त्र तेथून सुरू होते. विम्याच्या हिशेबात गाडीची जी किंमत धरली जाते, जिला आयडीव्ही म्हणतात, ती पहिल्या सहा महिन्यांतच ५ टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षात २० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी कमी झालेली असते. म्हणजे दुसऱ्या कोणी जे निम्मे पैसे हवेत उडवले तेवढे आपण वाचवले, असा निष्कर्ष पारखी काढतो. गणिताने हा निष्कर्ष बरोबर आहे. त्या गाडीचा एक हेडलाइट फुटला तर तो नांदेडात मिळत नाही, एवढे एकच कलम त्यातून निसटलेले असते.

पारख्याची दृष्टी मोटारीहून पुष्कळ जुनी आहे. लाल कंधारी आणि देवणी या दोन नावाजलेल्या गोवंशांना नावे मिळाली ती नांदेडमधल्या कंधारवरून आणि लातूरमधल्या देवणीवरून, आणि लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा आणि जनावरांचा बाजार आजही भरतो. जनावरांच्या बाजाराची रीत अशी की दात पाहून वय ठरवावे, खूर, शिंग आणि चाल पाहून उरलेले ठरवावे, आणि भाव मात्र हातांवर रुमाल टाकून बोटांच्या खुणांनी करावा, म्हणजे भोवतालच्यांना आकडा कळत नाही. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक निबंध लिहिला आणि असे दाखवले की गाडीची खोड विकणाऱ्याला माहीत असते व घेणाऱ्याला नसते, त्यामुळे चांगल्या गाडीलाही पडक्या गाडीचाच भाव मिळतो आणि अखेर चांगल्या गाड्या बाजारातून उठून जातात. या प्रकारच्या संशोधनाबद्दल त्यांना २००१ सालचे नोबेल पारितोषिक इतर दोघांसह मिळाले. खोड विचारल्याशिवाय इसार, म्हणजे सौदा पक्का राखण्यासाठी आगाऊ द्यायची रक्कम, न देणाऱ्या मुलखाला या निबंधात नवे फारसे काही नाही. फरक आहे तो एवढाच की अकरलॉफ यांच्या घेणाऱ्याला आपले अज्ञान मान्य असते.

गाडी पाहण्याचा विधी सकाळी लवकर होतो, कारण रात्रभर थंड झालेले इंजिन खोटे बोलत नाही, असा पारख्याचा सिद्धांत आहे आणि तो खराही आहे. पोचताच तो बॉनेटवर पंजा ठेवतो. ते कोमट लागले तर मालकाने गाडी आधीच चालू करून ठेवली होती हे सिद्ध होते आणि भाव तेथल्या तेथे दहा हजारांनी उतरतो, निदान पारख्याच्या मनात. त्यानंतर खिशातून लोहचुंबक निघते. अपघातात चेपलेला पत्रा सरळ करून त्यावर लांबी, म्हणजे खळगे बुजवण्याचा लगदा, भरलेली असेल तर चुंबक तेथे धरत नाही. पारखी ते दारादारांवरून फिरवतो आणि परदेशी गाडीच्या बॉनेटवर ते खाली गळून पडते तेव्हा मोठा अपघात उघडकीस आणल्याच्या समाधानाने मालकाकडे पाहतो. ते बॉनेट मुळातच ॲल्युमिनियमचे आहे, हे मालकाने सांगितले तरी ऐकले जात नाही. मग इंजिन चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडले जाते, कारण आतून धुराचा झोत आला, म्हणजे गॅरेजच्या भाषेत गाडी बॅक मारू लागली, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असे समजायचे असते. मीटरवर तो विश्वास ठेवत नाही, कारण मीटर मागे फिरवता येतो. तो ब्रेकच्या पेडलचे रबर पाहतो, स्टिअरिंगची गुळगुळीत झालेली जागा पाहतो आणि टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचतो, ज्यांतले पहिले दोन टायर कोणत्या आठवड्यात आणि शेवटचे दोन कोणत्या वर्षी बनला ते सांगतात. हे सर्व ज्ञान पक्के असते, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. शेवटी तो गुडघ्यांवर बसून पायाखालचा गालिचा उचलतो आणि हुंगतो, कारण २००५ च्या जुलैत मुंबईत आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात बुडालेल्या गाड्या वाळवून कुठे कुठे विकल्या गेल्या याविषयी त्याच्याकडे बरीच माहिती असते. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथला माणूस गाडीत कधी पाणी शिरले होते का याचा इतक्या बारकाईने शोध घेतो, हे दृश्य पाहण्यासारखे असते.

पासिंगचा, म्हणजे गाडी कोणत्या कार्यालयात नोंदली गेली याचा, विचार हे पारख्याचे समाजशास्त्र होय. लातूरचा एमएच-२४ आणि नांदेडचा एमएच-२६ हे क्रमांक त्याला घरचे वाटतात आणि म्हणूनच संशयास्पद वाटतात, कारण येथली गाडी कोणकोणत्या लग्नांना आणि कोणत्या प्रचाराला जाऊन आली हे सगळ्यांना माहीत असते. पुण्याचा एमएच-१२ त्याला सुसंस्कृत वाटतो. उदगीरच्या पारख्याला बिदरची केए-३८ आणि देगलूर-बिलोलीच्या पारख्याला तेलंगणाची गाडी स्वस्त पडते, पण परराज्यातली गाडी आणली की ना-हरकत दाखला, नवी नोंदणी आणि पुन्हा कर असे शेपूट मागे येते आणि स्वस्ताई त्यातच विरते. सर्वांत स्वस्त असते दिल्लीची, कारण तेथे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार आणि पुढे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांना बंदी आली आणि धडधाकट मोटारी मिळेल त्या भावाने बाहेर पडू लागल्या. या सर्वांवर एकच पदवी मात करते, ती म्हणजे ‘डॉक्टरची गाडी’. डॉक्टर गाडी सावकाश चालवतो, वेळेवर सर्व्हिसिंग करतो आणि दवाखान्यापलीकडे जात नाही, अशी श्रद्धा आहे; दोन्ही शहरे दवाखान्यांची आणि भावी डॉक्टरांची असल्यामुळे येथे विकायला येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी डॉक्टरचीच निघते, आणि उरलेली डॉक्टरच्या मेहुण्याची.

इतक्या परीक्षांना उतरलेली दोन दारांची गाडी अखेर नापास होते ती वेगळ्याच विषयात. मराठवाड्यात मोटारीचे मागचे आसन मालकाचे नसते. ते आईच्या गुडघ्यांचे, तुळजापूरला निघालेल्या आत्याचे, नीटच्या शिकवणीला आलेल्या पुतणीच्या गादीचे आणि ट्रंकेचे, शिवाय अहमदपूरपर्यंतच सोडा म्हणणाऱ्या पाहुण्याचे असते. तुळजापूरहून औसा, लातूर, अहमदपूर, लोहा या मार्गाने नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर पाहुण्यांना उतरण्याजोगी गावे पुष्कळ आहेत. पुढचे आसन दुमडून मागे शिरण्याची कूपेची रीत ऐकल्यावर घरातले वडीलधारे मामा फक्त एवढेच विचारतात, ‘‘दोनच दारं? मग मागच्यांनी काय टपावरून उतरायचं का?’’ गॅरेजमधला मिस्त्री अधिक सभ्य असतो. ‘‘गाडी एक नंबर हाय सर,’’ तो म्हणतो, ‘‘पर सामान हैदराबादहून येतंय, तवर स्कूटर राहू द्या घरी.’’

उघड्या टपाला तर पंचांगच आडवे येते. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो तेव्हा टप उघडण्याचा विचार करता येत नाही. जूनपासून पाऊस, म्हणून बंद. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू असते आणि रस्त्यावर भुसा उडतो, म्हणून बंद. उरतात त्या डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी, ज्यांचा उपभोग घेण्यासाठी कानटोपी लागते. वास्तविक या प्रदेशाने उघडी मोटार पाहिलीच नाही असे नाही. महिंद्र कंपनीने १९४७ नंतर विलीज जीप भारतात आणली, आणि कापडी हूडाच्या या जीपने पुढची कितीतरी वर्षे तालुक्यांची पाहणी केली, निवडणुकांचा प्रचार केला आणि वराती मिरवल्या. तिला कन्व्हर्टिबल म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही, कारण तिचे कापड काढले जाई ते वारा लागावा म्हणून नव्हे, तर आणखी चार माणसे मावावीत म्हणून. तिचीच वंशज असलेली थार २०१० साली आली आणि २०२० साली नव्या रूपात, दोन दारांनिशी, दुमडत्या कापडी टपाच्या प्रकारासह आली. म्हणजे पारख्याला हवी होती ती जुनी, दोन दारांची, उघडी मोटार औसा रोडवर रोज समोरून जाते. परंतु जुन्या थारचा भाव उतरायला तयार नसल्यामुळे तिच्यात पैसे वाचवल्याचे सुख नाही, आणि खड्ड्यांतून ती ज्या प्रकारे उसळते त्यात कण्याचेही सुख नाही. हताश झालेले काही पारखी जुन्याच गाडीचे टप कापून घेण्यापर्यंत जातात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ असा बदल करू देत नाही, आणि मूळ बनावटीशी विसंगत असा बदल चालणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली स्पष्ट केलेले आहे. गॅरेजमध्ये याची माहिती असते, पण ग्राइंडर चालू झाल्यावर कोणी बोलत नाही.

हा शोध वर्ष-दीड वर्ष चालतो आणि पारखी अखेर जी गाडी घेतो ती पांढरी, चार दारांची, डिझेलवर चालणारी, सात-आठ वर्षे वापरलेली मारुती असते. तिच्या समर्थनार्थ तो सांगतो की मारुतीने २०२० साली डिझेल बंद केले, त्यामुळे असे इंजिन आता मिळणार नाही. हे खरे आहे. तिची किंमत तो प्रत्येकाला वेगळी सांगतो, आणि रुमालाची परंपरा एवढ्यापुरती शाबूत राहते. दोन दारांच्या गाडीविषयी त्याचे मत त्यानंतर अधिकच उंचावते व विषय निघाला की तो डोळे मिटून तिच्या बसण्याचे वर्णन करतो, जरी तिच्यात तो बसलेला असतो एकदाच, तेही गाडी उभी असताना.

या सगळ्या चिकित्सेत एक गोष्ट मात्र तो हटकून राहू देतो. कायद्याप्रमाणे गाडी राज्यातच विकली गेली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ भरून नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. गालिचा हुंगणारा, टायरचे आकडे वाचणारा आणि बॉनेटला चुंबक लावणारा हा गृहस्थ सह्या केलेले कोरे फॉर्म गाडीच्या खणात ठेवतो आणि ‘नावाचं काय, सावकाश करू’ म्हणून दोन-दोन वर्षे हिंडतो. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी कागदोपत्री ज्याचे नाव आहे त्याच्यावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलेले आहे. म्हणून नांदेड-लातूरकडच्या विकणाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की पारख्याला किंमत हवी तर पाच हजारांनी उतरवून द्यावी आणि चहाही पाजावा, पण फॉर्म २९ ची पोच हातात आल्याखेरीज किल्ली देऊ नये.