सात देश, शून्य तेर

मे महिन्याची युरोपवारी ठरली की धाराशिवातून पहिला फोन टूरवाल्याला जातो आणि दुसरा गावाकडे, शेंगदाण्याच्या चटणीसाठी. ज्यांच्या सुट्टीच्या नावाने हा घाट घातलेला असतो, त्या पोरांना कुणी विचारत नाही. त्यांनी शाळेतून ना-हरकत पत्र आणायचं आणि व्हिसाच्या फोटोत हसायचं नाही.

शेंगेन व्हिसाला मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45. एसटीच्या हाफ तिकिटावर वाढलेल्या आपल्याला हे लगेच पटतं. पण तिकीट हाफ असलं तरी हाल फुल. पहाटे उठवलेलं पोर बसमध्ये पेंगतं, दुपारी एका देशात आलू-गोबी खातं, रात्री दुसऱ्या देशात पनीर. टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी त्याला उभं करतात. ते कोण, हे त्याला परत आल्यावर आजी सांगते. काय आवडलं विचारा. उत्तर येतं, हॉटेलची लिफ्ट.

दोनच शहरं घ्या, एका ठिकाणी चार-पाच रात्री राहा, ट्राममधून हिंडवा, दुपारी बागेत सोडा, पोरं खूश. पण व्हॉट्सअ‍ॅपवर दोन झेंडे टाकून भाऊबंदांत नाक कसं वर राहणार?

त्यातलं एक शहर नेपल्स घ्यावं, कारण तिथं आपल्या नात्यातली एक बाई आहे. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेत गाडली गेलेली आणि 1938 मध्ये पाँपेईत सापडलेली, वीतभर उंचीची हस्तिदंती भारतीय मूर्ती. अंगावर दागिनेच दागिने, दोन्ही बाजूंना दासी. तिच्या जातकुळीची मूर्ती आपल्या तेरला निघाली. ग्रीक दर्यावर्द्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये तेर ‘तगर’ म्हणून येतं: पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट, आणि तिथलं कापड नि मलमल गाड्यांतून भडोचला. तिकडे रोममध्ये लेखक प्लिनी कुरकुरत होता की भारत दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तेव्हा आपण कापड देऊन रोमचा पैसा आणत होतो. आता एफडी मोडून सेल्फी आणतो.

नेपल्सच्या संग्रहालयात ही बाई ‘गुप्त दालनात’ आहे. चौदाच्या आतल्या मुलांना मोठ्यांसोबतच आत सोडतात. तेरला असली काही भानगड नाही. धाराशिवपासून वीसेक किलोमीटर. रामलिंगप्पा लामतुरे यांनी जन्मभर जमवलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, विटांचं त्रिविक्रम मंदिर आहे, गोरोबाकाकांचं दर्शनही होतं.

एका गृहस्थांच्या सहलीत खरंच पाँपेई आहे. त्यांना म्हटलं, निघण्याआधी एका रविवारी पोरांना तेर दाखवून आणा की.

“मे महिन्यात? ऊन बघा की हो कसलं पडलंय!”

पाँपेईच्या पॅकेजमध्ये बहुधा मांडव धरलेला असावा.